यादीतली माणसं आणि मंडळीतली माणसं

ओंजळ

बरेच दिवस मनात घोळतंय, ते इथे मांडते.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गरजू कुटुंबांना मदत करणारा एक छोटा गट आहे. सहा वर्षं झाली, मी त्यात आहे. दर महिन्याचा शिधा, कोणाची औषधं, कोणाच्या मुलांची फी असं काम चालतं. यादी माझ्याकडे असते. त्या यादीत साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या एक मावशी आहेत. पूर्वी दर रविवारी उपासनेला यायच्या, पुढून दुसऱ्या बाकावर बसायच्या, आवाज खणखणीत. मदत सुरू झाली आणि त्यांचं येणं हळूहळू कमी झालं, मग थांबलंच. मला वाटलं तब्येतीचं काही असेल. मागच्या महिन्यात पिशवी द्यायला गेले तेव्हा दारातच विचारलं, "मावशी, हल्ली दिसत नाही तुम्ही."

त्या म्हणाल्या, "पूर्वी मी मंडळीतली होते गं. आता यादीतली आहे."

रागानं नाही म्हणाल्या. पिशवी घेतली, "देव बरं करो" म्हणाल्या, दार लावून घेतलं.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो तो भाग लहानपणापासून पाठ आहे. भुकेल्याला खायला दिलं, परक्याला घरात घेतलं, आजाऱ्याला आणि बंदिवानाला भेटायला गेलात, ते माझ्यासाठीच केलंत. इतकी वर्षं मला वाटत होतं की आम्ही तेच करतोय. आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही. मदत तर थांबवता येणार नाही, त्यांना गरज आहे. पण माणूस यादीतला न होता मदत कशी करायची? देणाऱ्यांनी लिहाच, पण ज्यांनी कधी घेतलंय त्यांनी लिहिलंत तर फार बरं होईल.

तिसरा_बाक

वाचलं आणि थबकले. माझ्याकडे उत्तर नाही. धागा वाचत राहीन.

जुना_खजिनदार

ओंजळताई, तळमळ पोचली. पण यादीला दोष देऊ नका. मी बावीस वर्षं मंडळीचे हिशेब सांभाळले. यादी नसते तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. ज्याचा आवाज मोठा त्याला दोनदा मिळतं आणि जो संकोची त्याला एकदाही नाही. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय ६ काढून बघा. यरुशलेमच्या अगदी पहिल्या मंडळीतसुद्धा ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या. कोणाच्या मनात पाप होतं म्हणून नव्हे, व्यवस्था नव्हती म्हणून. सात माणसं नेमली तेव्हा ते थांबलं.

आणि २५१ सालच्या सुमाराचं रोमचे बिशप कॉर्नेलियस यांचं पत्र आहे, मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसनं ते जपून ठेवलंय. त्यात रोमची मंडळी १५०० हून अधिक विधवा आणि गरजूंना सांभाळते असा उल्लेख आहे. छळाच्या काळात, डोक्यावर तलवार असताना. यादीशिवाय १५०० माणसं सांभाळून दाखवा! कळवळ्याला वहीची जोड लागते, हे मी अनुभवानं सांगतो.

निळीशाई

खजिनदारकाका, उतारा तुमचाच, पण जरा पुढे वाचा. त्या सात जणांची नावं बघा : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांच्या विधवा सुटत होत्या, बहुधा त्यांच्यातलीच माणसं वाटपावर नेमली. व्यवस्था हवी होती हे खरंच, पण ती ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्या हाती दिली. आपल्या मदतगटात, ज्यांना मदत मिळते त्यांच्यातलं कोण आहे? आमच्याकडे कोणीही नाही. खरंच विचारते, कोणाकडे आहे?

जुना_खजिनदार

हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. अध्याय शंभरदा वाचला असेन. आमच्या गटातही नव्हतं कोणी.

आडवाट

ओंजळताईंनी घेणाऱ्यांना लिहायला सांगितलंय, म्हणून लिहितो. पहिल्यांदाच लिहितोय.

माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. आठवी ते बारावी माझी फी मंडळीनं भरली. त्याबद्दल मी मरेपर्यंत ऋणी आहे, हे आधी सांगतो. पण वर्षातून एकदा, नाताळच्या आधीच्या कार्यक्रमात, आम्हा मुलांना नावं पुकारून पुढे बोलवायचे. पाकीट, टाळ्या, फोटो. माझ्याच वर्गातल्या मुली समोर बसलेल्या असायच्या. दहावीच्या वर्षी मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिलो, तर आईला एकटीला पुढे जावं लागलं. ते जास्त लागलं. आजही टाळ्यांचा आवाज आला की मला आईची पाठ दिसते.

आता दुसरी गोष्ट. त्याच मंडळीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मला कधी एक रुपया दिला नाही. पण शनिवारी बोलवायच्या आणि फाटलेली गीतपुस्तकं समोर ठेवायच्या. दोरा, दाभण, खळ. पुस्तकाचा कणा कसा शिवायचा ते त्यांनी शिकवलं. पहिली दोन-तीन पुस्तकं वाकडी झाली, त्यांनी उसवून पुन्हा करायला लावली. वर्षभरात साठेक पुस्तकं मी शिवली असतील. रविवारी लोक गायला उभे राहिले की कोणाच्या हातात माझं पुस्तक आहे ते मी बघत बसायचो. ज्या खजिनदारांनी मला पाकीट दिलं त्यांच्याही हातात होतं एकदा.

फी नसती तर मी शिकलो नसतो. शनिवार नसते तर मंडळीत टिकलो नसतो. दोन्ही लागतं, एवढंच मला म्हणायचंय.

ओंजळ

आडवाटदादा, तीनदा वाचलं. आमच्याकडेही फोटो काढतात. वर्गणीदारांना पाठवायचे असतात म्हणून मीच काढते.

पाणपोई

फोटो बंद करा, आजपासून. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये असं प्रभूनं सांगितलं, आणि आपण दोन्ही हातांनी फोन धरतो.

सहज

मी ख्रिस्ती नाही, तरी एक प्रामाणिक शंका विचारू का? तुम्ही लोक म्हणता की गरिबात येशू दिसतो म्हणून सेवा करतो. ऐकायला सुंदर आहे. पण मी जर भुकेला असेन आणि समोरच्याला माझ्यात येशू दिसत असेल, तर मग मी कोणाला दिसतो? त्या मावशींचं दुखणं तेच नसेल? कोणालाही वाईट वाटायला नको, मनापासून विचारतोय.

परिचारिका

सहज, वाईट कशाला वाटेल, नेमक्या जागी बोट ठेवलंत. मी ज्यांचं दुखणं बरं होणार नाही अशा रुग्णांबरोबर काम करते, त्यामुळे या प्रश्नाशी माझी रोजची गाठ आहे.

मत्तय २५ नीट वाचला तर त्यात एक गंमत आहे. न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे प्रभू, उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. आणि ते लोक चकित होतात. प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? म्हणजे त्यांना येशूबिशू काही दिसला नव्हता! त्यांना भुकेला माणूस दिसला होता. तहानलेली बाई दिसली होती. त्यांनी त्या माणसासाठी केलं, आणि ते आपल्याला पोचलं असं प्रभू म्हणतो. म्हणजे माणसाच्या पलीकडे बघून प्रभूला शोधायचं नाहीये, माणसाकडे पुरतं बघायचंय. बाकीचं त्याच्याकडे सोपवायचं.

मलाही हे नोकरीतच कळलं. सुरुवातीला मी मनात प्रार्थना म्हणत जखमा धुवायचे. एका आजोबांनी मला सांगितलं, "सिस्टर, तुमचं लक्ष वर असतं. इकडे दुखतंय."

निळीशाई

परिचारिका, आजोबांचं वाक्य कायमचं लक्षात राहील.

भाषेबद्दल थोडं लिहू का, माझा आवडीचा विषय. शुभवर्तमानात येशूला लोकांना पाहून जे होतं त्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे ते आतड्यांच्या शब्दापासून बनलेलं आहे. डोक्यात विचार येणं नाही, आतडी हलणं. आपल्या मराठी बायबलमध्ये तिथे 'कळवळा आला' असं आहे. कळवळा! कळ येते तिथून आलेला शब्द वाटतो. आणि आपण बोलतानाही म्हणतोच, आतडं तुटलं, पोटात कालवलं, आतड्याची माया. लूकच्या शुभवर्तमानातल्या चांगल्या शोमरोनीच्या गोष्टीत याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) दोघांनीही वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहिलं होतं, लूक ते स्पष्ट सांगतो. पाहण्यात तिघंही सारखेच. फरक कुठे पडला तर आतड्यात. आणि मग तो शोमरोनी जवळ गेला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले, वर म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देतो. परत येताना! तो पुन्हा येणार होता. हा शब्द माझ्या मनात फार वर्षं बसून आहे.

अजून एक, मग थांबते. लूकच्या १६व्या अध्यायात श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारातला भिकारी. श्रीमंताला नाव नाही. भिकाऱ्याला आहे, लाजर. त्याच गोष्टीतला पूर्वज अब्राहाम सोडला, तर प्रभूच्या सगळ्या दाखल्यांत नाव असलेलं माणूस म्हणजे हा एकच गरीब.

खिडकी

सगळं खरं, पण मला एक गोष्ट खटकतेय म्हणून विरोधी सूर लावते. आपण सगळे 'मदत कशी प्रेमानं करावी' यावर बोलतोय. मदत लागतेच का, यावर कोणी बोललं नाही. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी गेला आहे. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नका, सांडलेलं वेचू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे असा नियम आहे. ते दान नव्हतं, हक्क होता. बायबलमधली गरीब, परकी विधवा रूथ बवाजाच्या शेतात गेली ती भीक मागायला नाही, वेचायला गेली. स्वतःच्या हातांनी.

चौथ्या शतकातल्या कैसरियाच्या बिशप बासिलनं तर सरळ सांगितलं की तुझ्या पेटीत पडून असलेला कपडा उघड्याचा आहे, कुजत पडलेल्या वहाणा अनवाण्याच्या आहेत. आणि नुसतं बोलून थांबला नाही. ३६० च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा कोठारं उघडायला लावली, पुढे शहराबाहेर आजाऱ्यांसाठी, परक्यांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी एवढी मोठी वसाहत उभी केली की त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी तिला नवं शहर म्हणाला.

ज्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईचा आजारपणाचा खाडा कापला जातो आणि नाताळात तिला साडी दिली जाते, अशी घरं माझ्या ओळखीची आहेत. ख्रिस्ती घरं. तिला साडी नको आहे, तिचे पैसे हवे आहेत.

जुना_खजिनदार

खिडकीताई, मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त एवढंच म्हणतो, न्याय येईपर्यंत मावशींना या महिन्याचा शिधा लागणार आहे.

खिडकी

त्यात दुमत नाहीच, काका. दोन्ही हातांनी काम करू, एवढंच.

एक_वाचक

वेगळा मुद्दा. आमच्याकडे काही जणांचं म्हणणं आहे की जे उपासनेला येत नाहीत त्यांना मदत चालू ठेवू नये. मंडळीचं दान आहे, मंडळीत नको का यायला? ओंजळताईंच्या मावशींच्या बाबतीत हा प्रश्न कोणी काढला नाही का?

ओंजळ

काढला होता. मी गप्प बसले. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

पाणपोई

एक_वाचक, प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. प्रभूनं विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? त्याला वाईट वाटलं हे दिसतंच. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असं कुठेही लिहिलेलं नाही.

निळीशाई

पाणपोई, +१००. आणि जोडीला इतिहासातला एक दाखला. रोमचा सम्राट जूलियन ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, त्याला जुने देव परत आणायचे होते. ३६२ च्या सुमारास गलतीयातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) त्यांच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. शत्रूनं दिलेली साक्ष आहे ही. अट घालून दिलं असतं तर त्याला तसं लिहायची वेळच आली नसती.

एक_वाचक

पटलं. आमच्या बैठकीत मांडतो. दहापैकी नऊ माझ्या बाजूनं नसतील कदाचित, पण मांडतो. :)

परिचारिका

बेल्जियमचे धर्मगुरू फादर दामियन यांच्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. १८७३ साली ते हवाईच्या मोलोकाई बेटावर गेले, तिथे कुष्ठरोग्यांना नेऊन सोडत. जखमा बांधल्या, घरं बांधली, थडगी खणली, त्यांच्यातच जेवले. पहिल्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात ते स्वतःला कुष्ठरोग्यांतला एक म्हणवतात, रोग व्हायच्या कितीतरी आधी. पुढे रोग झाला आणि १८८९ मध्ये तिथेच वारले. आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, 'तुम्ही' वरून 'आपण' वर यायला दामियन यांना बोटीचा प्रवास करावा लागला, आपल्याला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसावं लागतं.

सहज

पण सगळ्यांना मोलोकाईला जाता येत नाही ना. नोकरी आहे, मुलं आहेत, म्हातारे आईवडील आहेत. अशी उदाहरणं वाचून मला उलट हातपाय गळाल्यासारखं होतं.

परिचारिका

मग १८३३ चं पॅरिस घ्या. फ्रेडरिक ओझानाम, वय वीस, कॉलेजातला पोरगा. कोणीतरी डिवचलं की तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो ते दाखवा. चार-पाच मित्र जमवून तो शहरातल्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली यांच्याकडे गेला. त्यांनी घरं नेमून दिली. जायचं, बसायचं, बोलायचं, जळण किंवा जेवणाची चिठ्ठी द्यायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच घरी. संत विन्सेंट दि पॉल यांच्या नावाची संस्था त्यातून झाली, आज जगभर आहे. अभ्यास, परीक्षा सांभाळून केलं त्यांनी. पुढे ओझानाम प्राध्यापक झाले, संसार केला.

खिडकी

आणि आपल्या पंडिता रमाबाई! दुष्काळात आई, वडील, बहीण गमावलेली बाई ती. भूक म्हणजे काय ते तिला कोणी सांगायला नको होतं. इंग्लंडमध्ये असताना फुलहमला सिस्टरांनी चालवलेलं एक घर तिनं पाहिलं, समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेनं सांभाळत होते. ते पाहून आपलं मन हललं असं तिनंच लिहून ठेवलंय. १८८९ मध्ये शारदा सदन काढलं आणि १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आली. तिनं केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनचं मला सगळ्यात भावतं ते हे, की आलेल्या मुली नुसत्या सांभाळल्या गेल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखाना सगळं त्याच चालवू लागल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच त्या बायकांच्या हातांनी छापलं गेलं, १९२४ साली पूर्ण बायबल निघालं. रमाबाई तोवर गेल्या होत्या. आडवाटदादांची गीतपुस्तकं वाचली तेव्हा मला तोच छापखाना आठवला.

आडवाट

खिडकीताई, हे वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही. आभार.

तिसरा_बाक

सुरुवातीला उत्तर नाही म्हणाले होते. खरं तर लिहायचं धाडस नव्हतं.

आम्ही गरीब नाही. माझा धाकटा भाऊ सतरा वर्षं मानसिक आजारानं त्रस्त आहे. उपासनेत मध्येच उठतो, कधी मोठ्यानं बोलतो. आम्ही कुठल्याच यादीत नाही, आणि प्रार्थनेतही नाही. कोणाला कर्करोग झाला की नाव घेऊन प्रार्थना होते, घरी माणसं जातात, डबे जातात. आमच्या घरी कोणी येत नाही. वाईट माणसं नाहीत हो ती. काय बोलायचं ते त्यांना कळत नाही, म्हणून नजर चुकवतात.

एक गृहस्थ मात्र आहेत. वयस्क, फारसे न बोलणारे. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी ते आमच्या बाकावर, भावाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. तेव्हापासून दर रविवारी तिथेच. तो उठला की तेही उठतात, त्याच्याबरोबर बाहेर एक फेरी मारतात, परत येऊन बसतात. त्या तीन वर्षांत मी पहिल्यांदा अख्खं प्रवचन ऐकलं. माझ्या नावातला तिसरा बाक तोच.

परिचारिका

तिसरा_बाक, भावाचं नाव इथे लिहू नका, पण आजपासून रात्रीच्या प्रार्थनेत तुम्ही दोघं आहात माझ्याकडे.

जुना_खजिनदार

माझ्याकडेही. आणि आमच्या मंडळीत असं एक कुटुंब आहे, हे मला तुमचा प्रतिसाद वाचताना आठवलं. मुलगी आहे त्यांची. तोवर कधी आठवली नव्हती, हे कबूल करतो. रविवारी जातो त्यांच्या बाकावर.

ओंजळ

मधले काही दिवस आले नाही. मावशींकडे जाऊन आले, ते सांगते.

पिशवी न घेता गेले. त्यांनी आधी माझ्या हातांकडेच पाहिलं. म्हणाल्या, "आज काय? महिना तर झाला नाही." मी म्हटलं, बसायला आलेय. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, काम करत राहिल्या, मी बसून राहिले. मग एकदम म्हणाल्या, "माझी बहीण वारली गेल्या वर्षी. मंडळीतलं कोणी आलं नाही. पण तुमची पिशवी आली बरं का, तारखेला आली."

मी ती पिशवी दिली होती. माझ्याच हातानं. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं असेन की नाही, आठवत नाही. यादीत बरोबरची खूण केली होती, ती आहे.

मी रडले. त्यांनी मला पाणी दिलं. मग बहिणीबद्दल सांगत बसल्या, दोन तास. दोघी बहिणी मंडळीत जोडीनं गायच्या, हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं.

रविवारी या असं मी म्हटलं नाही. निघताना निळीशाई आणि आडवाटदादांचं आठवलं, म्हणून एक विचारलं. आमच्या मंडळीत एक आजी अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना गाणी ऐकायला फार आवडतात, आणि मला तर सूर लागत नाही. मावशी, याल का माझ्याबरोबर? त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. "घसा धरलाय गं, वर्षभर गायले नाही," म्हणाल्या. मग विचारलं, "कोणतं गीत आवडतं तिला?"

गुरुवारी जाणार आहोत. फोटो काढणं बंद केलंय, ते गटात सांगितलं. दोघं नाराज आहेत.

जुना_खजिनदार

गुरुवारी कसं झालं ते इथे लिहा, ताई. आणि त्या बहिणीचं नाव मावशींना विचारून घ्या.

ओंजळ

विचारलं, काका. वहीत नाही लिहिलं, पाठ केलंय.